२५ सीट असून बुधवारची बॅच अडते तेव्हा

बुधवारची बॅच १० वाजता सुरू होते. सव्वादहाला लॅबमध्ये फेरी मारली तेव्हा २० पैकी ३ मुलांच्या स्क्रीनवर मॉडेल उघडलेलं होतं. बाकी १७ जणांसमोर एकच खिडकी होती: लायसन्स उपलब्ध नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा. काही जण दर अर्ध्या मिनिटाला क्लिक करत होते. काहींनी नाद सोडून शेजाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहणं पसंत केलं होतं. सलग तिसऱ्या आठवड्यात हेच चित्र दिसत होतं.

आमच्या विभागात संरचना विश्लेषणाचं, म्हणजे इमारतीसारख्या बांधकामावर भाराचा काय परिणाम होतो ते काढायचं, एक व्यावसायिक सॉफ्टवेअर नेटवर्क लायसन्सवर चालतं: एका वेळी ठरावीक जणांनाच ते वापरता येतं, आणि अशा प्रत्येक परवानगीला सीट म्हणतात. मॉडेल बांधायची खिडकी एका वेळी २५ जण उघडू शकतात. प्रत्यक्ष गणना करणाऱ्या सॉल्व्हरच्या सीट ८ आहेत आणि नॉन-लिनिअर मॉड्यूलच्या (प्रतिसाद भाराच्या प्रमाणात वाढत नाही अशा गणनेसाठीचा जादा भाग) ५. प्रॅक्टिकलची मुलं, एमटेकवाले आणि पीएचडीचे दहा-बारा जण हे सगळे याच साठ्यातून घेतात. विभागाच्या बैठकीत तक्रार निघाली, तेव्हा उपायही लगेच ठरला: आणखी १० सीट घ्यायच्या. मागणीपत्राचा मसुदा तयार झाला. लॅब माझ्याकडे असल्याने त्यावर सही मी करायची होती. सही करण्याआधी मी दोन आठवडे मागून घेतले. २५ सीटचं काय होतंय हे मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही त्यावर सही करणं मनाला पटत नव्हतं.

या लेखात त्या दोन आठवड्यांची आणि नंतरच्या एका सत्राची हकीकत आहे. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण अडचण त्या सॉफ्टवेअरची नव्हतीच.

लॉग वाचताना

अशी बरीच सॉफ्टवेअर फ्लेक्सनेट नावाच्या लायसन्स व्यवस्थेवर चालतात. जुने लोक तिला अजून फ्लेक्सएलएम म्हणतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ती वापरात आहे. काम साधं असतं: एका यंत्रावर लायसन्स सर्व्हर चालू असतो, प्रोग्राम उघडला की तो सर्व्हरकडे सीट मागतो, शिल्लक असेल तर मिळते, नसेल तर नकार येतो, आणि प्रोग्राम बंद केला की सीट परत जमा होते. खिडकी, सॉल्व्हर, मॉड्यूल अशा प्रत्येक गोष्टीचं स्वतंत्र फीचर असतं आणि प्रत्येकाची मोजदादही स्वतंत्र चालते.

हे ‘स्वतंत्र’ मला तोंडपाठ होतं. त्याचा अर्थ मात्र लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडल्यावरच उमगला.

सर्व्हरच्या डीबग लॉगमध्ये सीट घेतली की आउट, परत आली की इन आणि नाकारली की डिनाइड अशी ओळ पडते. ओळीत वेळ, फीचरचं नाव, युजर आणि यंत्र असतं, तारीख मात्र नसते. तारीख अधूनमधून येणाऱ्या टाइमस्टॅम्पच्या ओळीत सापडते, म्हणून कुठली नोंद कुठल्या दिवसाची हे वरखाली करत जुळवावं लागतं. पहिला दिवस त्यातच गेला. दुसरी खोच अशी की काही प्रोग्राम नकार मिळाला की स्वतःच पुन्हा विचारतात. एका विद्यार्थ्याच्या एका क्लिकने चार-चार डिनाइड पडलेले दिसले. ओळी मोजून ‘इतके नकार’ असा आकडा बैठकीत ठेवला असता तर मी सगळ्यांची दिशाभूल केली असती. मग एकाच यंत्रावरून एका मिनिटाच्या आत आलेले नकार एकत्र करून ते एकच धरले.

त्या बुधवारची पहिली नकाराची ओळ वाचली आणि मी थबकलो. शेवटी उणे ४ हा कोड होता, म्हणजे ठरलेली संख्या संपली. हे अपेक्षितच होतं. पण फीचरच्या जागी खिडकीचं नाव नव्हतं. तिथे नॉन-लिनिअर मॉड्यूल होतं. पुढची ओळही तीच, त्यापुढचीही तीच. १७च्या १७ यंत्रांना नकार मिळाला होता तो या ५ सीटच्या मॉड्यूलचा.

त्या क्षणी खिडकीच्या २५ पैकी १५ सीट सर्व्हरच्या हिशेबात वापरात होत्या आणि १० रिकाम्या होत्या. आम्ही नेमक्या १० सीट विकत घ्यायला निघालो होतो. त्या घेतल्या असत्या, तरी पुढच्या बुधवारी पुन्हा तिघांचंच मॉडेल उघडलं असतं.

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला नॉन-लिनिअर मॉड्यूलचं काही काम नाही. साधी चौकट, साधे भार, अभ्यासक्रम तेवढाच आहे. मग २० मुलांची यंत्रं ते मॉड्यूल मागत का होती? याचं उत्तर मुलांना दिलेल्या सुरुवातीच्या फाइलमध्ये मिळालं. प्रत्येक सत्रात आम्ही एक तयार फाइल देतो, त्यात एकके, पदार्थांचे गुणधर्म आणि अक्ष आधीच लावलेले असतात. या सत्राची फाइल मी केली होती. वेळ वाचावा म्हणून माझ्या संशोधनाच्या जुन्या मॉडेलवरून केली. मॉडेलमधले घटक पुसले, पण विश्लेषणाच्या सेटिंगमधली नॉन-लिनिअरची खूण तशीच राहून गेली. फाइल उघडताच प्रोग्राम ते मॉड्यूल मागायचा. संशोधकांकडे २ सीट आधीच असायच्या, उरलेल्या ३ पहिल्या तिघांना मिळायच्या आणि बाकीचे अडकायचे. खिडकीवर दिसणाऱ्या संदेशात कशाचं लायसन्स नाही याचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी, मीसुद्धा, सॉफ्टवेअरच्या सीट संपल्या असंच धरलं.

तीन आठवडे मुलांचे तास वाया गेले ते माझ्या एका राहून गेलेल्या खुणेमुळे. पुढच्या तासाच्या सुरुवातीला मी हे मुलांना सांगितलं. दोष यंत्रणेचा म्हणून सोडून देणं सोपं होतं, पण काही मुलांना आपलंच काही चुकतंय असं वाटत होतं, आणि ते त्यांच्या डोक्यातून जाणं गरजेचं होतं.

दुसरा तुटवडा

नवी फाइल दिल्यावर पुढच्या बुधवारी १३ मुलांचं मॉडेल उघडलं, ७ जणांचं नाही. आता नकार खऱ्या अर्थाने खिडकीचा होता. पहिला तुटवडा दूर झाल्यावर त्यामागे दडलेला दुसरा पुढे आला होता.

हिशेब मांडला: २५ पैकी १३ बॅचकडे, ७ संशोधकांकडे. उरलेल्या ५ कुठे गेल्या?

सीटचं वाटप ठरवणारी एक छोटी मजकूर-फाइल सर्व्हरवर असते, तिला ऑप्शन्स फाइल म्हणतात. कुणाला काय मिळावं, किती मिळावं, कुणासाठी राखून ठेवावं हे सगळं तिच्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. आमच्या फाइलमध्ये रिझर्व्हची एक ओळ निघाली. एका संशोधन प्रकल्पातल्या तिघांच्या गटासाठी तिने ४ सीट राखून ठेवल्या होत्या. प्रकल्प केव्हाच संपला होता आणि तिघंही विद्यापीठ सोडून गेले होते. राखीव सीट सर्व्हर दुसऱ्या कुणालाही देत नाही, राखीवदार आला नाही तरीही. वर हिशेबात ती ‘वापरात’ म्हणूनच धरली जाते. गेलेल्या तीन माणसांसाठी चार खुर्च्या रोज रिकाम्या ठेवल्या जात होत्या आणि मोजणीत त्या भरलेल्या दिसत होत्या. ओळ कुणी लिहिली, का लिहिली, कधीपर्यंत ठेवायची, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नव्हतं.

पाचवी सीट उसनी गेली होती. नेटवर्कपासून दूर काम करायचं असेल तर लॅपटॉपवर ठरावीक मुदतीसाठी सीट उसनी नेता येते. एका विद्यार्थ्याने ती ३० दिवसांसाठी नेली आणि आठवड्यानंतर लॅपटॉप फॉरमॅट केला. उसनी सीट मुदतीआधी परत करायची तर त्याच यंत्रावरून करावी लागते, आणि त्या यंत्रावरची तिची नोंदच पुसली गेली होती. मुदत संपेपर्यंत वाट पाहण्याला पर्याय नव्हता. त्यानंतर आम्ही उसन्या सीटची कमाल मुदत ७ दिवसांवर आणली आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त सीट उसन्या न देण्याचं ठरवलं.

रिझर्व्हची ओळ काढली, उसनी सीट मुदतीनंतर जमा झाली. १८ सीट मोकळ्या झाल्या, बॅचला हव्यात २०. आता प्रश्न होता तो संशोधकांकडच्या ७ सीटचा, आणि तिथे मी दुसरी चूक केली.

रात्री अकरा वाजता

घरून एलएमस्टॅट चालवलं. कोणत्या फीचरच्या किती सीट कुणाकडे आहेत आणि केव्हापासून, हे ही आज्ञा दाखवते. रात्रीचे ११, लॅब बंद, आणि खिडकीच्या ९ सीट बाहेर. एक तर रविवार दुपारपासून. म्हटलं, कुणीतरी प्रोग्राम उघडा टाकून घरी गेलंय. अशी अडकलेली सीट सर्व्हरवरून ओढून घेता येते, एलएमरिमूव्ह नावाची आज्ञा त्यासाठीच आहे. मी ती वापरली. ९ची संख्या ८ झाली आणि मी समाधानाने लॅपटॉप मिटला.

सकाळी पीएचडीची एक विद्यार्थिनी केबिनच्या दारात उभी होती. रविवार दुपारपासून तिचं टाइम-हिस्टरी विश्लेषण चालू होतं. भूकंपाच्या नोंदीचा एकेक क्षण घेऊन इमारतीचा प्रतिसाद काढत जाणारी ती गणना, ३१ तास चाललेली. सीट काढून घेतल्यावर गणना थांबली. मधले निकाल साठवले गेले नव्हते.

मी माफी मागितली. तिने आवाज चढवला नाही. तिने जे सांगितलं त्यावर मात्र पुढचं सगळं उभं राहिलं: “सर, गणना नसतानाही मी प्रोग्राम बंद करत नाही. संध्याकाळी बंद केला तर सकाळी सीट मिळेलच असं नाही. म्हणून धरून ठेवते. सगळेच धरून ठेवतात.”

सीट कुणी घेतली आहे ते एलएमस्टॅट सांगतं. ती वापरली जात आहे का, ते सांगत नाही. रविवारपासूनची सीट पाहून मी आळस वाचला, तिथे ३१ तासांचं काम होतं. त्या रात्रीच्या उरलेल्या ८ जणांना मग मी एकेक करून भेटलो. ३ जणांची गणना खरोखर चालू होती. ३ जणांनी प्रोग्राम नुसताच उघडा ठेवला होता, कारण तेच, सकाळी मिळेल की नाही. राहिलेल्या दोघांना आपल्याकडे सीट आहे हेच माहीत नव्हतं. दोघंही नुकतेच लॅपटॉप मिटून निघाले होते. नेटवर्क असं अचानक तुटलं की सर्व्हरला ते लगेच कळत नाही. समोरचं यंत्र जिवंत आहे का हे तपासायची टीसीपीची (नेटवर्कवरच्या यंत्रांच्या संवादाची नियमावली) नेहमीची मुदत दोन तासांची असते, तोवर सीट त्याच्याच नावावर राहते.

धरून ठेवणाऱ्या तिघांचं वागणं मला आता चुकीचं वाटेना. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. प्रबंधाची तारीख जवळ आलेली, सकाळी सीट मिळण्याची खात्री नाही, बंद करण्यात फायदा कुणाचा तर अनोळखी दुसऱ्याचा, आणि नुकसान स्वतःचं. अशा माणसाला ‘काम झाल्यावर प्रोग्राम बंद करा’ असा फलक दाखवून काय होणार? फलक आमच्या लॅबमध्ये होताच, वर्षानुवर्षं. शिवाय जो जास्त धरून ठेवतो त्याच्यामुळे बाकीच्यांना कमी मिळतात, म्हणून तेही धरून ठेवायला लागतात. तुटवडा खरा किती आणि तुटवड्याच्या भीतीने वाढलेला किती, हे वेगळं केल्याशिवाय कितीही सीट घेतल्या तरी पुरल्या नसत्या.

जुनं सूत्र, नवा उपयोग

एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना एक सूत्र मांडलं, ते १९१७ साली प्रसिद्ध झालं. एक्सचेंजमध्ये लाइन किती, कॉल किती येतात, प्रत्येक कॉल किती वेळ चालतो, यावरून किती जणांना ‘लाइन व्यस्त’ ऐकावं लागेल हे त्यातून निघतं. सीट म्हणजे लाइन आणि प्रोग्राम उघडणं म्हणजे कॉल असं धरलं की तेच सूत्र लायसन्सला लागू होतं.

आमच्या नॉन-लिनिअर मॉड्यूलसाठी दिवसाच्या गर्दीच्या वेळी तासाला साधारण २ मागण्या यायच्या आणि सीट सरासरी अडीच तास धरली जायची. दोन गुणिले अडीच म्हणजे भार ५, आणि सीटही ५. वरवर पाहता जमून गेलं असं वाटतं. पण मागण्या रांगेत शहाण्यासारख्या येत नाहीत, कधी एकदम तीन येतात, कधी तासभर एकही नाही. सूत्राने उत्तर दिलं की दर १०० मागण्यांपैकी २८ नाकारल्या जातील.

सीट ५वरून ८ केल्या तर नकार ७ टक्क्यांवर येतात. आणि सीट ५च ठेवून धरून ठेवायचा वेळ अडीच तासांवरून सव्वा तासावर आणला तर? तरीही ७ टक्के. म्हणजे निम्मा वेळ मोकळा करणं आणि तीन सीट विकत घेणं यांचा परिणाम सारखाच. हे गणित बैठकीत फळ्यावर मांडलं तेव्हा पहिल्यांदा ‘विकत घेऊ’ सोडून दुसरं काही बोललं गेलं.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. हे सूत्र मागण्या आपापल्या वेळी, एकमेकांशी संबंध नसताना येतात असं धरतं. संशोधकांच्या बाबतीत ते ठीक आहे. बुधवारी १० वाजता २० मुलं एकाच मिनिटात क्लिक करतात, तिथे ते मुळीच लागू नाही. तिथे २० मुलांना २० सीट हव्यात, इतकं साधं आहे.

काय बदललं

माझा पहिला विचार टाइमआउट लावण्याचा होता. ठरावीक काळ काही हालचाल नसेल तर सीट आपोआप जमा होते, ऑप्शन्स फाइलमध्ये एक ओळ लिहिली की झालं. पण ३१ तासांच्या त्या प्रकरणानंतर आधी तपासून पाहायचं ठरवलं. एका यंत्रावर मुद्दाम लांब गणना लावली आणि रात्रभर ठेवली. सकाळी दिसलं की खिडकीतून लावलेली गणना चालू असताना माऊस हलला नाही, तर प्रोग्राम स्वतःला ‘निष्क्रिय’ म्हणवून घेतो. म्हणजे टाइमआउट लावला असता तर खरं काम करणाऱ्यांच्याच सीट आधी गेल्या असत्या. ही वागणूक प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी असते. आमच्यासारखं कुणी करायला निघालं असेल, तर ही एक रात्र अवश्य घालवावी.

त्यामुळे आधी लांब गणना खिडकीबाहेर काढणं भाग पडलं. विभागाच्या गणन-सर्व्हरवर स्लर्म नावाची रांग-व्यवस्था आधीपासून होती, तिच्यात लायसन्सचीही मोजणी ठेवता येते. विद्यार्थी मॉडेल खिडकीत बांधतो, फाइल रांगेत टाकतो, खिडकी बंद करतो. सॉल्व्हरची सीट मोकळी होईपर्यंत काम रांगेत थांबतं, नकार खाऊन मरत नाही. खिडकीची सीट या गणनेला लागतच नाही. स्लर्मला स्वतःच्या रांगेबाहेर कोण काय वापरतंय हे आपोआप कळत नाही, म्हणून दिवसा रांगेला ८ पैकी ५ सीट दिल्या आणि ३ बॅचसाठी मोकळ्या ठेवल्या. मुलांची मॉडेलं काही सेकंदांत सुटतात, त्यांना ३ पुरतात. रात्री आठनंतर सगळ्या ८ रांगेच्या.

रांग वापरायला शिकवण्यात दोन शनिवार गेले. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडले ते हेच दोन दिवस. ज्या विद्यार्थिनीचं काम माझ्यामुळे बुडालं होतं, तिने तिच्या मॉडेलवरून एक नमुना-स्क्रिप्ट तयार केली, दर काही तासांनी मधले निकाल साठवणारी. आज विभागात सगळे तीच वापरतात.

सगळे रांगेवर आल्यानंतरच खिडकीला दोन तासांचा टाइमआउट लावला. सॉल्व्हरला लावला नाही.

नॉन-लिनिअर मॉड्यूल संशोधकांच्या गटापुरतं ठेवायचं ठरलं. त्यासाठी इन्क्लूडची ओळ लिहिली. ही ओळ एखाद्या फीचरला लागली की यादीत नसलेल्या प्रत्येकाला ते फीचर बंद होतं. आणि युजरच्या नावातली इंग्रजी मोठी-लहान अक्षरं वेगळी धरली जातात, ती सारखी धरायची तर तसं वेगळं लिहावं लागतं. एका संशोधकाचं नाव त्याच्या यंत्रावर मोठ्या अक्षराने सुरू होत होतं, यादीत लहान. त्याची अख्खी सकाळ गेली.

मग लॅबच्या दारापाशी एक स्क्रीन लावला. दर पाच मिनिटांनी एलएमस्टॅट चालतं आणि तीन आकडे दिसतात: खिडकीच्या किती मोकळ्या, सॉल्व्हरच्या किती, मॉड्यूलच्या किती. सुरुवातीला नावंही दाखवली होती. दोन दिवसांत एका एमटेकच्या मुलाने येऊन सांगितलं की सीनिअर त्याला रोज ‘तुझं झालं का’ विचारतात आणि तो अर्धवट काम सोडून उठतो. नावं त्याच दिवशी काढली. कोण वापरतंय हे लॅब असिस्टंटला आणि मला दिसतं, तेवढं पुरे. उघड्यावर नाव टांगून शिस्त लावायची तर ती नेहमी सगळ्यात नवख्याच्याच माथी बसते. मोकळ्या सीटचा आकडा मात्र हवाच होता. सकाळी ९ वाजता ११ मोकळ्या असतात हे रोज डोळ्यांनी दिसू लागलं, तशी रात्री धरून ठेवायची गरज कमी होत गेली. भाषणाने हे झालं नसतं.

करारातलं लहान अक्षर

या निमित्ताने लायसन्सचा करार काढून वाचला. विभागात त्याच्या तीन प्रती निघाल्या, वाचलेला माणूस मात्र सापडला नाही. आमचं लायसन्स शिक्षण आणि अंतर्गत संशोधनापुरतं होतं, बाहेरून पैसे घेऊन केलेलं सल्ल्याचं काम त्यात बसत नव्हतं. एका यंत्रावर तसं काम चालू होतं, तेही पूर्ण प्रामाणिकपणे, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. ते थांबवलं. व्हीपीएनवरून, म्हणजे बाहेरून विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडून, घरून वापरणं चालतं का, यावर करारातलं वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं, म्हणून पुरवठादाराला लेखी विचारलं आणि आलेलं लेखी उत्तर करारासोबत जोडलं. फोनवरच्या ‘हो, चालतं की’वर विसंबलो नाही.

दोन विद्यार्थ्यांकडे क्रॅक केलेली प्रत होती. त्यांनी ती आपणहून दाखवली, कारण सीट मिळत नसल्याने दुसरा मार्ग उरला नव्हता असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्याचा भाग आहेच, पण मला जास्त चिंता होती ती निकालांची. कुणीतरी आतून बदललेल्या प्रोग्रामने काढलेल्या आकड्यांवर प्रबंध उभा करायचा, आणि परीक्षकाने आवृत्ती विचारली की काय सांगायचं? दोघांनी ती मॉडेलं रांगेवर पुन्हा चालवली. त्यांना शिक्षा व्हावी असं मी सुचवलं नाही. सीट पोचवण्याचं काम आमचं होतं आणि त्यात आम्ही कमी पडलो होतो.

सर्व्हरबद्दल थोडक्यात. लायसन्स फाइल सर्व्हरच्या नेटवर्क कार्डच्या पत्त्याशी बांधलेली असते, कार्ड बिघडलं की नवी फाइल मागवावी लागते. तीन सर्व्हरची जोडव्यवस्था सुचवली गेली. तिच्यात तीनपैकी दोन जिवंत असावे लागतात. आमची तिन्ही यंत्रं एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर राहिली असती, तेव्हा वीज गेली की तिन्ही एकदम बंद. तो नाद सोडला आणि सर्व्हर टेबलाखालून उचलून संगणक केंद्राच्या यूपीएसवर नेला. नूतनीकरणाची सूचना निवृत्त झालेल्या एका सरांच्या ईमेलवर जात होती, ती विभागाच्या सामाईक पत्त्यावर वळवली.

सत्राअखेर

बुधवारी आता २०च्या २० मुलांचं मॉडेल उघडतं. दिवसा संशोधकांकडे खिडकीच्या तीन-चार सीट असतात, क्वचित पाच. १० सीटचं मागणीपत्र मागे घेतलं आणि त्याऐवजी नॉन-लिनिअर मॉड्यूलच्या २ सीट मागितल्या. निम्म्या झालेल्या भाराला ७ सीट धरल्या तर एर्लांगच्या सूत्राने नकार १ टक्क्याच्या आसपास येतात. त्या मागणीला लॉग जोडले होते, चर्चा पाच मिनिटांत आटोपली.

सगळं सुटलेलं नाही. प्रबंध सादर करायच्या महिन्यात रांग रात्रभर भरलेली असते आणि कुणाचं काम आधी घ्यायचं यावर वाद होतात. तारीख जवळ असलेल्याला आधी, असा नियम केला, तर प्रत्येकाची तारीख जवळ येऊ लागली. यावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. सध्या दर सोमवारी पीएचडीचे सगळे दहा मिनिटं एकत्र बसतात आणि आठवड्याचा क्रम आपसात ठरवतात. मी त्यात बसत नाही.

ऑप्शन्स फाइलमध्ये आता प्रत्येक ओळीच्या वर # लावून चार गोष्टी लिहिलेल्या असतात: कुणी लिहिली, केव्हा, कशासाठी, कधीपर्यंत. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यासाठी आम्ही लॅबच्या २० यंत्रांना सीट राखून ठेवल्या होत्या, वर शुक्रवारची तारीख घालून. शनिवारी सकाळी ती ओळ काढायची म्हणून मी फाइल उघडली. ओळ नव्हती. लॅब असिस्टंटने शुक्रवारी संध्याकाळी, शेवटची बॅच उठल्यावर, ती आधीच काढली होती आणि काढल्याची वेळ खाली लिहून ठेवली होती.